एकेचाळीस नग

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चूक आहे. १४ तारखेला कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून लिहिलं होतं, "यादीत एकेचाळीस नग, सगळे माझे" — ते चूक आहे.

बरोबर असं : एकेचाळीस नग खरे. त्यातले माझे तीस. अकरा आईचे.

खोडत नाही. आईने लावलेली सवय. चूक खोडायची नाही, दुसऱ्या दिवशी वर लिहायचं — 'चुकलं. बरोबर असं.' आठव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे आईच होती. शारजातली एक खोली, ओट्याशेजारी माझं स्टूल. बाबांच्या कंपनीने आमचे कागद लटकवून ठेवले होते. कागद नाहीत म्हणून शाळा नाही. आई पोळ्या लाटता लाटता शुद्धलेखन घालायची, लाल पेन अंबाड्यात खोचलेलं. पीठ लागलेल्या हातानेच वही तपासायची. माझ्या पहिल्या वह्यांना अजून कणकेचे डाग आहेत.

तर नीट लिहिते. १४ तारखेला थकले होते, आणि थोडी लाजही वाटली होती.

टोरँटोला उतरल्यावर आधी इमिग्रेशनची बाई. चष्मा नाकाच्या टोकावर. कागद पाहिले, दोन प्रश्न विचारले, सही घेतली. मी आता तिथली कायमची रहिवासी. ती म्हणाली, "वेलकम होम." मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणाली की काय!

मग कस्टम्सची खिडकी. जे सामान मागाहून आणणार त्याची यादी पहिल्याच दिवशी द्यायची असते. यादीत नसलेल्या वस्तूवर पुढे कर लागतो. मी दुबईहूनच टाइप करून नेली होती, दोन प्रती. जबल अलीच्या ऑफिसात मी दिवसभर हेच तर करते — लोकांच्या कंटेनरच्या पॅकिंग लिस्ट तपासते. नग, वजन, वर्णन. काही सुटलं की खापर माझ्यावर. म्हणून जानेवारीत एका शनिवारी, आई बाहेरच्या खोलीत मुलांची मराठीची शिकवणी घेत होती तेव्हा, मी घरभर फिरून दिसेल ते लिहिलं. पुस्तकं, लॅपटॉप, रजई, कुकर. मग हात थांबेना. शिवणयंत्र. पुरणयंत्र. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. कपाट उघडून — बांगड्या चार. मंगळसूत्र एक. बाबांचं घड्याळ.

कस्टम्सवाल्याने विचारलं, "ऑल यूअर्स?"

मी म्हटलं, "येस."

त्याने शिक्का मारला.

आई जिवंत आहे. आत्ता आत मेथी निवडतेय, मला देठ मोडल्याचा आवाज येतोय. आणि तिचं मंगळसूत्र माझं म्हणून सरकारी कागदावर लिहून मी परत आले. तिचं सगळं लिहिलं. ती सोडून.


सोमवार, २४ फेब्रुवारी

ऑफिस. दहा दिवसांचे ईमेल.

खोटं दोन ठिकाणी दोन प्रकारचं बोललेय, ते इथे तरी नोंदवते, म्हणजे माझाच गोंधळ होणार नाही. ऑफिसला — सांगलीला मावसबहिणीचं लग्न. आईला — ऑफिसचं ट्रेनिंग, टोरँटो. ऑफिसला खरं कळलं तर पुढच्या महिन्यात माझ्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी. आईला खरं कळलं तर — काय, ते अजून लिहिता येत नाही.

सकाळी कार लिफ्टमध्ये, म्हणजे महिन्याच्या भाड्याने वाटून घेतलेल्या गाडीत, लियाकतभाई. आमच्याच बिल्डिंगमधले, मूळचे महाडचे. रोज आम्हा चौघांना इंटरनॅशनल सिटीहून जबल अलीला नेतात आणि रस्ताभर बोलतात.

"काय पोरी, लग्नाला जाऊन आलीस आणि हात हलवत? मिठाई कुठाय?"

"बॅगेत जागा नव्हती, लियाकतभाई."

"बहिणीच्या लग्नाची मिठाई आणि बॅगेत जागा नाही! यल्ला, हे काय चालायचं नाही!"

बाकी तिघे हसले. मीही हसले. संध्याकाळी करामाच्या बाजारात उतरून पेढे घेतले. उद्या सांगलीचे म्हणून वाटायचे.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

वाटले. सगळे म्हणाले, सांगलीच्या पेढ्यांची चव वेगळीच!


बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आईचा उपास, माझाही. साबुदाण्याची खिचडी. मी टोरँटोहून मेपलच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता, वर लाल पान. आई म्हणाली, "उपास नसताना खाऊ. मरियमबीलाही देते थोडी." मरियमबी म्हणजे लियाकतभाईंची बायको, तिसऱ्या मजल्यावर. डबा त्यांच्या घरी गेला तर?

म्हटलं, "नको गं, सगळी आपल्यालाच."

आई बघत राहिली. लहानपणापासून मी कुणाला काही द्यायला नाही म्हटलेलं तिने ऐकलेलं नाही.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

अर्धा दिवस. घरी आले तेव्हा आई फोनवर लतिकामावशीशी बोलत होती — तिची सख्खी बहीण, सांगलीची. "किल्ली तुझ्याकडेच राहू दे" असं काहीतरी ऐकलं. मी आत गेले तशी म्हणाली, "बरं, ठेवते." माझ्या लग्नाबद्दल असणार. दोघी बहिणींना दुसरा विषय नाही.


शनिवार, १ मार्च

आजपासून रमजान. खाली हॉटेलांना पडदे लागले.

शिकवणीला तीनच मुलं. अल बर्शाहून इरा येते, आठ वर्षांची. तिची आई गाडीतून सोडून मॉलला जाते. इराने आज निबंध लिहिला, 'माझे घर'. आईने लाल पेन काढलं.

इरा म्हणाली, "बट आजी, इट्स ओन्ली वन मिस्टेक! आय कॅन जस्ट इरेज इट."

"एक असली तरी खोडायची नाही. खाली लिही, चुकलं, बरोबर असं."

"व्हाय?"

"म्हणजे पुढच्या वेळी कळतं आपण कुठून आलो ते."

इराने तोंड वाकडं करून लिहिलं. तिच्या निबंधात होतं — माझे घर दुबईला आहे आणि माझे घर पुण्याला आहे. आईने त्यावर लाल रेघ मारली नाही. मी दारातून पाहत होते.

इराची आई घ्यायला आली तेव्हा सांगून गेली, ते लोक जूनमध्ये परत चाललेत. म्हणजे उरली दोन मुलं.


रविवार, २ मार्च

ते लिहिता येत नाही म्हणाले होते, ते आज लिहिते. पळवाट नको.

बाबा गेल्यावर आईचा व्हिसा माझ्या नावावर आला. खास परवानगीवर, दर वर्षी नव्याने. यंदा २४ एप्रिलला संपतो. मला कॅनडाला जायचं तर इथला माझा व्हिसा रद्द करावा लागेल. माझा रद्द करायचा तर आधी आईचा रद्द करावा लागतो. तो आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो. अर्जदार मी. सही माझी.

म्हणजे माझ्या सहीने आई या देशातून जाणार. पंचाण्णवमध्ये आली. तीस वर्षं. सांगलीला एका वेळी तीन आठवड्यांपेक्षा जास्त कधी राहिली नाही. इथे तिची शिकवणी, तिची मरियमबी, खालचा केरळी किराणावाला जो तिला विचारून कढीपत्ता मागवतो. तिथे काय? मावशीच्या घरातली एक खाट.

आणि नाही गेले तर? पाच वर्षांत दोन वर्षं तिथे राहावं लागतं, नाहीतर हा रहिवास हातचा जातो. आणि इथे? बाबांना एकतीस वर्षांनी तीस दिवस मिळाले होते. कंपनी बंद, व्हिसा रद्द, तीस दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर निघा. त्या तीस दिवसांत बाबा सोफ्याच्या एकाच टोकाला बसून राहिले. नोकरी कशीबशी मिळाली, अठ्ठाविसाव्या दिवशी. पण सोफ्यावरून उठले ते बाबा निराळेच होते. पुढच्या वर्षी गेले.

त्यानंतरच मी अर्ज भरला. शाळेतली मैत्रीण मुग्धा ब्रॅम्प्टनला, तिने लिंक पाठवली. आईला सांगितलं नाही कारण होईल असं वाटलंच नाही. मग झालं. मग अमुक तारखेच्या आत उतरून या, असं पत्र आलं. मग ट्रेनिंग झालं.

मी आईसाठी थांबलेय. हे खरं आहे. पण आईने मला थांब म्हटलेलं नाही. हेही खरं.


बुधवार, ५ मार्च

रमजानमुळे तीनला सुटी. घरी येऊन काय करायचं ते कळत नाही. आई बोलते, मी उत्तरं देते. ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं? — सॉफ्टवेअर. जेवायला काय होतं? — सँडविच. बर्फ होता? — हो.

बर्फाचं तेवढं खरं होतं. मुग्धा बेसमेंटमध्ये राहते. तिची दोन-दोन शिफ्टची नोकरी, त्यामुळे आठ दिवसांत आम्ही एकत्र जेवलो दोनदा. खिडकी छताजवळ, तीही बर्फाने बुजलेली. मी दिवसभर एकटी. बँकेत गेले, नंबराच्या कार्डासाठी सरकारी ऑफिसात गेले. पाचव्या दिवशी फक्त कुणाशी तरी बोलायचं म्हणून दुकानात जाऊन विचारलं, मीठ कुठे आहे. मीठ समोर होतं.

शनिवारी दुबईत उतरले तर स्मार्ट गेट. कॅमेऱ्याकडे बघायचं, काच सरकते, खलास. माझा जन्म इथला. काच काही बोलली नाही.


रविवार, ९ मार्च

विसरायच्या आत लिहिते.

दुपारी मरियमबी आल्या. रोजा असूनही आईकडून शिवून घ्यायचा ब्लाउज घेऊन. आई शिवणयंत्रावर बसली, त्या खुर्चीत. मी आत इस्त्री करत होते. मरियमबी म्हणाल्या :

"छायाताई, तुमच्या भाचीच्या लग्नाचे फोटू तरी दाखवा की! आमचे हे सांगत होते, स्वानंदी पेढे घेऊन आली सांगलीचे."

यंत्र थांबलं. मी इस्त्री उचलून धरली तशीच. आता आई म्हणणार — कुठली भाची? ती तर कॅनडाला गेली होती ऑफिसच्या कामाला.

यंत्र पुन्हा सुरू झालं.

"फोटो अजून लतिकाकडेच आहेत," आई म्हणाली. "पाठवते म्हणते नि विसरते. घाईत उरकलं गं सगळं."

"मुलगा काय करतो?"

"बँकेत आहे."

बँकेत आहे! नसलेल्या नवऱ्याला आईने नोकरीसुद्धा लावून दिली!

मरियमबी गेल्यावर मी बाहेर आले. आईने विचारावं म्हणून उभी राहिले. तिने धागा दातांनी तोडला. म्हणाली, "उद्या डब्याला काय देऊ?"

ज्या बाईने मला एक काना चुकला तर पुन्हा लिहायला लावलं, ती माझ्यासाठी सरळ खोटं बोलली. आणि विचारत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.


सोमवार, १० मार्च

डब्याला वांग्याचं भरीत होतं. विचारलं नाही.


गुरुवार, १३ मार्च

होळी. पुरणपोळ्या. पुरणयंत्राचा दांडा निसटतो, आईने त्याला कापड गुंडाळलंय. मी म्हटलं, दे मी फिरवते. पंधरा मिनिटं मी फिरवत होते, आई कणीक तिंबत होती. एवढा वेळ आम्ही एका ओट्याशी उभ्या होतो, मीच सुरुवात करायला हवी होती. तोंड उघडलं आणि म्हणाले, "जायफळ घातलंस?"

"घातलं."

यादीत हे यंत्र एकोणतिसावं. 'पुरण मेकर, ब्रास, युज्ड.' माझेच शब्द.

खालच्या मजल्यावर मी पोळ्या देऊन आले. लियाकतभाई इफ्तारच्या तयारीत होते. जिन्यात माझ्यामागे आले, हळू आवाजात म्हणाले, "पोरी, एक विचारू? मरियमला तुझ्या आईने कालच्याला बिस्किटं दिली. डब्यावर कॅनडा लिहिलंय."

मी रिकामं ताट या हातातून त्या हातात घेतलं.

"माझा भाचा अयान, तोपण असाच आठ दिवस जाऊन आला. रजेसाठी ऑफिसात आजोबा वारले म्हणून सांगितलं त्याने! दोन वेळा!" हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मी कुणाला बोलणार नाही. पण छायाताईंना तू बोल. त्यांना बाहेरून कळायला नको, कसं?"

"हो, लियाकतभाई."

"इन्शाल्ला इन्शाल्ला करत बसू नको."

डबा मी कपाटाच्या वरच्या फळीवर, रजईमागे ठेवला होता. म्हणजे आईने शोधून काढला. आणि मुद्दाम खाली दिला?


शुक्रवार, १४ मार्च

चुकलं. 'मुद्दाम' लिहिलं ते मला माहीत नाही. बरोबर असं : आईने डबा काढला आणि दिला. का, ते माहीत नाही.


बुधवार, १९ मार्च

मुग्धाचा मेसेज. कायमच्या रहिवासाचं कार्ड तिच्या पत्त्यावर आलं. फोटो पाठवला — माझा चेहरा, गुन्हेगारासारखा. खाली तिने लिहिलं, "पार्टी!" तिच्या ओळखीचं कुणी पुढच्या गुरुवारी दुबईमार्गे मुंबईला जाणार आहे, ते देतील.

पार्टी द्यायला इथे कुणाला बोलावू?


रविवार, २३ मार्च

ठरवलं. पाडव्याला सांगायचं. यंदा पाडवा आणि ईद बहुतेक एकाच दिवशी. सकाळी गुढी झाली की, नैवेद्याच्या आधी. वाक्यसुद्धा ठरवलंय : आई, मी ट्रेनिंगला गेले नव्हते.

पुढचं वाक्य ठरत नाही.


गुरुवार, २७ मार्च

टर्मिनल तीन, अरायव्हल्स. एका काकांनी पाकीट दिलं, नाव विचारलं, निघून गेले. दोन मिनिटांचं काम. तिथेच एका खांबाशी उभी राहून मी कार्ड उघडून पाहिलं. भोवती लोक फुलं, फुगे घेऊन आपापल्या माणसांची वाट बघत होते. मी तासभर उभी होते. कुणाची वाट न बघता. बरं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं.

कार्ड निळ्या फाइलच्या मागच्या कप्प्यात ठेवलं. शिक्का मारलेली यादी तिथेच आहे.


रविवार, ३० मार्च. पाडवा.

गुढी बाल्कनीच्या आतल्या बाजूला, दाराच्या कडीला बांधली. आईची जांभळी साडी, बाबांच्या वेळचा तांब्या. कडुलिंब आईने रस्त्याकडेच्या झाडाचा आणला, या शहरात ती झाडं चिक्कार. खाली ईदची गडबड, मुलं नव्या कपड्यांत. मरियमबींनी शीरखुर्मा पाठवला, आईने श्रीखंड. मरियमबी वर येऊन आईला मिठी मारून गेल्या. आईने त्यांना जरा जास्तच वेळ धरून ठेवलं असं वाटलं.

नैवेद्याच्या आधी मी म्हटलं, "आई —"

ती म्हणाली, "नमस्कार कर आधी."

नमस्कार केला. उठले तोवर धीर संपला होता.

संध्याकाळी आईच म्हणाली, "नंदू, माझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय ना? टायपिंग सेंटरला अर्ज भरायला काय काय लागतं ते मी लावून ठेवते. फाइल दे."

मी दिली.


सोमवार, ३१ मार्च

फाइल अजून आईच्या खोलीत. यादी आणि कार्ड मागच्या कप्प्यात चुकून राहिलं. आणायला जात नाही.


मंगळवार, १ एप्रिल

आधी दुरुस्ती. काल 'चुकून' लिहिलं. चुकून नव्हे. फाइल देताना माझा अंगठा त्या मागच्या कप्प्यावरच होता. पाकिटाची कड लागत होती. तोंडाने जमेना म्हणून मी कागद पुढे केला. ऑफिसात करते तसं.

सकाळी उठले तर फाइल जेवणाच्या टेबलावर. आई खाली गेली होती. कागद सगळे लावलेले, पिना मारलेल्या. सगळ्यात वर यादी. कार्ड त्यावर पालथं.

यादी लाल पेनाने तपासलेली होती.

एकही ओळ खोडलेली नाही. समासात तिचं अक्षर, शारजाच्या वह्यांमधलंच. सगळ्यात वर — 'चुकलं. बरोबर असं.' जसंच्या तसं उतरवते :

नग ७, शिवणयंत्र — माझं. सांगलीला जाईल.

नग १२, बांगड्या — चार नाहीत, तीन. चौथी तू आठ वर्षांची असताना तुझ्या शाळेच्या प्रवेशाला गेली. तुझी मोजणी चुकली आहे, उघडून नीट पाहिलं नाहीस. मीही तेव्हा सांगितलं नव्हतं.

नग १३, मंगळसूत्र — माझं. मी आहे अजून!

नग २०, बाळकृष्ण — माझ्याबरोबर. त्याला तिथली थंडी सोसायची नाही.

नग २६, बाबांचं घड्याळ — तू ने.

नग २९, पुरणयंत्र — ने. दांडा आधी बसवून घे. आणि 'पुरण मेकर' काय!

असे अकराच्या अकरा. नऊ परत घेतले, दोन दिले. एकाही ठिकाणी 'का केलंस' नाही. शेवटी, शिक्क्याच्या खाली, जिथे माझी सही आहे तिच्या शेजारी : 'ट्रेनिंग हा शब्द चुकला. बँकेतला मुलगाही चुकला. आपण दोघींनी एकेक चूक केली. आता पुढचं पान.'

मी मंगळसूत्राच्या ओळीवर हसले आणि तिथेच टेबलाशी बसून रडले. ती दार उघडून आली, हातात कढीपत्ता. म्हणाली, "पाहिलंस? बरोबर तपासलंय ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आई, पण 'सांगलीला जाईल' म्हणजे?"

"म्हणजे सांगलीला जाईल." कढीपत्ता धुवायला लागली. "उद्या बोलू. तुझी सुटी आज संपतेय, कपडे काढून ठेव."


बुधवार, २ एप्रिल

बोललो. दारातच, लियाकतभाई खाली हॉर्न वाजवत असताना. लतिकामावशीच्या वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा आईने बाबा गेले त्याच वर्षी घेऊन ठेवलीय. किल्ली मावशीकडे.

"मग चार वर्षं इथे का राहिलीस?"

"तू एकटी पडली असतीस ना."

चुकलं. या वहीत, आणि आधीच्या तीन वह्यांत, लिहीत आलेय की मी आईसाठी थांबलेय. बरोबर असं : आई माझ्यासाठी थांबली होती.

ठरलं : सोमवार, ७ एप्रिल. सकाळी साडेआठला टायपिंग सेंटर, तिथून ऑफिस. आधी आईचा व्हिसा रद्द करायचा अर्ज, मग माझा राजीनामा.